गाठीवरचा शिक्का आणि 500 केबी

शिंदखेडा तालुक्याचे ठाणे शिंदखेड्याला असले तरी बाजार दोंडाईच्याचा. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन, तापीच्या दक्षिणेची काळी जमीन आणि पश्चिमेला नंदुरबारपर्यंतचा मिरचीचा मुलूख, या तिन्हींमुळे हे गाव पिकवण्यापेक्षा पाठवण्यावर मोठे झाले. कापूस गाडीतून भुसभुशीत येई आणि गाठी होऊन जाई. मिरची ओली येई आणि वाळून पोत्यात जाई. पुढे स्टार्चचा कारखाना आला, तिथे मक्याची रास येते आणि पांढरे पीठ बाहेर पडते. येणारा माल फुगलेला, जाणारा आटलेला, असा या गावाच्या व्यापाराचा एकूण हिशेब आहे. आज अशा प्रत्येक बाजारगावात झेरॉक्सच्या दुकानातला माणूस 'ऑनलाइन फॉर्म'ही भरून देतो आणि फॉर्मबरोबर एक बिनपाटीचे कामही करतो: साइज कमी करून देणे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र यांची पीडीएफ पोर्टलने घातलेल्या मापात बसवायची. मला हा धंदा नवा वाटत नाही. माल दाबून, आटवून, वाहणाऱ्याच्या मापात बसवण्याचे जे काम खानदेश दीडशे वर्षे करत आला, त्याचाच हा कागदी अवतार आहे. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. कापसाच्या धंद्याने खूप भांडणे आणि खूप लबाडी सोसून दाबण्याचे काही नियम मिळवले होते. कागदाच्या धंद्यात ते अजून कोणी मागितलेलेसुद्धा दिसत नाहीत.

कापूस दाबायची गरज शेतकऱ्याला कधीच नव्हती, ती वाहणाऱ्याला होती. कापूस हा वजनाला हलका आणि जागेला भारी. सैल भरलेला असेल तर गाडी वजनाने भरायच्या कितीतरी आधी आकारानेच भरते. बैलगाडीत हे चालून जाई. जहाजावर चालत नसे, कारण तिथे भाडे मालाने अडवलेल्या जागेवर आकारले जाई. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद पडला आणि सगळ्यांची नजर मुंबईकडे, म्हणजेच खानदेश-वऱ्हाडकडे वळली. त्याच दशकात जीआयपी रेल्वे खानदेशात शिरली. आधी मुंबई बंदरात होणारे दाबण्याचे काम हळूहळू पिकाच्या गावाकडे सरकू लागले, कारण वाघीणही जहाजासारखीच, आत कोंबता येईल तेवढे भरल्याशिवाय परवडत नाही. तापीकाठच्या पश्चिम पट्ट्याला मात्र 1900 च्या सुमारापर्यंत थांबावे लागले. तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून निघून अमळनेरपर्यंत आली तेव्हा कुठे दोंडाईच्याचा माल रुळावर चढला. रूळ आल्यावर जिन-प्रेसही गावात यायला हवीच होती. या कामात दोन पायऱ्या होत्या, आणि त्या वेगवेगळ्या ठेवून बघितल्या पाहिजेत. जिनमध्ये कापसातून सरकी निघते. शंभर किलो कापसाला चौतीस-पस्तीस किलो रुई पडते, त्याला बाजारात 'उतारा' म्हणतात. ही गाळणी झाली. मग प्रेसमध्ये तीच रुई दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून गाठ बांधायची. पक्क्या दाबाच्या गाठीचे वजन जुन्या हिशेबात 392 पौंड धरत, आज 170 किलो धरतात. गाळणीत वस्तू वेगळी झाली. दाबणीत वस्तू तीच राहिली, फक्त तिने जागा सोडली. गिरणीत पट्ट्या तोडल्या की रुई पुन्हा फुगते.

दाबणीत वस्तू तीच राहते हे खरे, पण ती दिसेनाशी होते. सैल कापसात हात खुपसून व्यापारी धागा ओढून बघे. गाठीत हात जात नाही. मधोमध ओला कापूस, जुना कापूस, सरकी, माती काय आहे ते लिव्हरपूलला गाठ फुटेपर्यंत कळायचे नाही, आणि तिथे कळले तरी ती खानदेशात कुठल्या गावी कोणी बांधली हे विचारायचे कोणाला? म्हणून कापूस दाबण्याचा इतिहास आणि कापसातल्या लबाडीविरुद्धच्या कायद्यांचा इतिहास जोडीने चालतात. मुंबई सरकारने 1829 मध्येच भेसळ करून कापूस बांधण्या-विकण्याविरुद्ध रेग्युलेशन काढले होते. अमेरिकन युद्धाच्या तेजीत, 1863 मध्ये, त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली आणि निरीक्षक नेमले गेले. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, निरीक्षकांचा जाच होतो म्हणाले, आणि त्यात तथ्यही असणार. पण टिकला तो निराळ्या वळणाचा उपाय. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठ फोडून बघण्याचा नाद सोडला आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक टाकणे सक्तीचे केले. गाठ आतून दिसत नसेल तर निदान ती कोणाच्या हातून दाबली गेली हे बाहेरून दिसावे. साधी गोष्ट, पण ती सुचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मिरचीचा प्रकार याहून निराळा. दोंडाईचा-नंदुरबारच्या पथारींवर ओली लाल मिरची पसरतात, उन्हात हलवत राहतात, आणि ती तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. गेले ते पाणी, आणि पाणी कोणाला विकत घ्यायचे नव्हते. ही आटवणी कापसाच्या दाबणीसारखी उलटवता येत नाही, वाळलेली मिरची पुन्हा ओली होत नाही. पण तसे होण्याची कोणाला गरजही नसते. मात्र पथारीवर चूक झाली, अवकाळी पाऊस लागला किंवा दमट हवेत मिरची राहिली, की ती पांढुरकी पडते. बाजारात तिला 'फटकी' म्हणतात. वजनाला तीही मिरचीच असते. पोत्याचे वजन करणाऱ्या काट्याला लाल आणि फटकी यांत फरक कळत नाही, तो डोळ्यालाच कळतो. काट्याचे हे आंधळेपण लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

मजकुराची आटवणीही आपल्याकडे जुनीच. मोडी दफ्तरे वाचणाऱ्याला पहिली अडचण अक्षराची येते आणि दुसरी संक्षेपांची. चंद्राची तिथी सांगायला 'छ', मुक्कामाला 'मु॥'. लेखकाचा हात आणि कागद दोन्ही वाचले, कारण वाचणाराही त्याच दफ्तरातला होता. इंग्रजी अमलात 1 जुलै 1879 पासून एका पैशाचे पोस्टकार्ड आले आणि मापात बसवायची ही विद्या घराघरांत गेली. कार्डाची जागा ठरलेली, म्हणून ओळी बारीक होत गेल्या, समासात आडव्या लिहिल्या गेल्या, पत्त्याच्या बाजूलाही चढल्या. त्याहून नामी युक्ती म्हणजे शब्दच न लिहिणे. कार्डाला हळदकुंकू लागले असेल तर शुभवार्ता, कोपरा फाडला असेल तर कोणीतरी गेले. तारेत तर शब्दागणिक पैसे, त्यामुळे रुईचे भाव कळवणारे व्यापारी एका शब्दात वाक्य बसवणारे संकेतकोश बाळगत. भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, तोवर हे काटकसरीचे गद्य टिकले. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. काय गाळायचे हे लिहिणारा ठरवत होता आणि गाळलेले कसे भरून घ्यायचे हे वाचणाऱ्याला ठाऊक होते. दोघांत करार होता, भले तो न लिहिलेला असेल.

आता पीडीएफ. 1993 मध्ये अडोबी कंपनीने हा प्रकार आणला तो कागद कुठल्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा म्हणून, आणि 2008 मध्ये तो आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला. पण आपण पीडीएफ म्हणून जे पाठवतो ते बहुतेक वेळा मजकुराचे पान नसते, पानाचा फोटो असतो, पीडीएफच्या पाकिटात घातलेला. सगळे वजन या फोटोचे. ए-फोर आकाराचा कागद इंचाला 300 ठिपके या दराने रंगीत स्कॅन केला तर सुमारे 87 लाख ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे न दाबता 26 एमबीच्या आसपास. तो 500 केबीत बसवायचा म्हणजे पन्नासात एक करायचा. हे काम बहुतेक वेळा जेपीईजी नावाची पद्धत करते. 1992 च्या या प्रमाणाच्या मुळाशी असलेले गणित नसीर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी 1974 मध्ये मांडले. तिघेही मूळचे भारतीय, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील कमी करते. चेहऱ्याच्या फोटोत ही युक्ती अप्रतिम चालते, कारण गालावरची छटा हळूहळू बदलते. अक्षर हळूहळू बदलत नाही. काळ्यावरून पांढऱ्यावर एकदम उडी असते, आणि जास्त दाबले की नेमकी तीच कड विरघळते. म्हणजे माणसाच्या चेहऱ्यासाठी घडवलेल्या यंत्रात आपण सातबारा घालतो, आणि मग आकडे धुरकट झाले म्हणून नवल करतो.

देवनागरीला हा दाब रोमन लिपीपेक्षा महागात पडतो असे माझे मत आहे. कारण आपला बराचसा अर्थ शिरोरेषेच्या वर आणि पायाखाली, ठिपक्या-रेघांत राहतो. खुद्द 'दोंडाईचा' घ्या. अनुस्वार गेला तर 'दोडाईचा', 'ई'च्या डोक्यावरची खूण पुसट झाली तर 'दोंडाइचा'. रफार गेला की आडनाव बदलते, उकार गेला की बापाचे नाव बदलते. आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ६ हे एका बाकावर बसणारे भाऊ. क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर आणि आर यांच्यामधला दशांशाचा ठिपका हा कागदावरचा सर्वांत लहान आणि सर्वांत महागडा ठिपका असावा. नेमक्या अशा ठिपक्यांना धूळ समजून पुसणे हे दाबणाऱ्या प्रोग्रामचे काम असते.

आणि पुसट होणे हा तरी प्रामाणिक दोष आहे, निदान तो दिसतो. 2013 मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी याहून वाईट गोष्ट दाखवून दिली. झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना कागदावरचे आकडे बदलून टाकत होती. एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी होती, स्कॅनमध्ये तिन्हींवर 14.13 आले, स्वच्छ, ठळक, वाचायला अगदी सोपे. कारण असे की जागा वाचवण्यासाठी ती पद्धत एकसारखी दिसणारी अक्षरे शोधून एकाच ठशाने छापत होती, आणि तिला दोन आकडे एकसारखे वाटले. ज्या कंपनीच्या नावाचे आपण सामान्यनाम केले, 'झेरॉक्स काढली' म्हणजे मूळ बरहुकूम असे ज्यावर गावोगाव विश्वास, तिच्याच यंत्रांत हे निघाले. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. पण मुद्दा राहतोच: दाबलेल्या गाठीत काय आहे हे बाहेरून कळत नाही, मग ती रुईची असो की आकड्यांची.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मर्यादा नको म्हणता तर लाखो अर्ज येतात ते ठेवायचे कुठे? शिष्यवृत्तीच्या एका हंगामात राज्यभरातून येणारे कागद प्रत्येकी 26 एमबीने आले तर कुठलेही पोर्टल बसेल. बरोबर आहे. वाघिणीलाही मर्यादा होतीच, आणि ती हटवा असे कोणी म्हणाले नाही. पण वाघिणीत माल नीट बसवण्याचा फायदा माल पाठवणाऱ्याला मिळत होता, दाबलेल्या गाठीला भाडे कमी पडे आणि त्यातून प्रेसची मजुरी निघे. फाइल दाबण्याचा फायदा सगळा घेणाऱ्याच्या बाजूला आणि मजुरी मात्र देणाऱ्याच्या खिशातून. शिवाय मर्यादा घालायची तर कशावर घालायची हा प्रश्न उरतो. आपले सरकार पोर्टलवर कागदासाठी 75 ते 500 केबी आणि फोटोसाठी 5 ते 20 केबी अशी अट दिसत आली आहे, महाडीबीटीवर कागदासाठी 15 ते 256 केबी. खालची मर्यादा घातली म्हणजे वाचनीयतेची काळजी घेतली, असे कोणी म्हणेल. हिशेब करून बघावा. स्वच्छ छापलेला एकपानी दाखला काळ्या-पांढऱ्यात, इंचाला 200 ठिपक्यांनी स्कॅन केला आणि फॅक्ससाठी 1984 मध्ये ठरलेल्या जुन्या पद्धतीने दाबला, तर बऱ्याचदा तीस-चाळीस केबीत मावतो. एक अक्षर न पुसता, एक ठिपका न गमावता, कारण ही पद्धत रुईच्या गाठीसारखी आहे, उलगडली की होते तसे. पण 75 केबीच्या अटीला तो हलका ठरेल. उलट संध्याकाळच्या उजेडात मोबाइलने काढलेला, बोटाची सावली पडलेला, हललेला फोटो सहज दोनशे केबीचा भरतो आणि दारातून आत जातो. काटा वजन बघतो, फटकी मिरची ओळखत नाही.

दुसरा आक्षेप दुकानांच्या बाजूचा. एवढे मोबाइल, एवढी फुकट ॲप, शिवाय गावोगाव सेतू आणि महा-ई-सेवा केंद्रे, मग रडगाणे कशाला? चार पोरांना रोजगारही मिळतो. रोजगाराबद्दल तक्रार नाही, प्रेसनेही शेकडोंना रोजगार दिला. पण फुकट साइज कमी करून देणाऱ्या वेबसाइटवर आधार, पॅन, बँकेचे पासबुक चढवणारा माणूस आपला माल कोणाच्या आवारात उतरवतो आहे हे त्याला माहीत नसते. त्या आवाराला पाटी नसते, मालकाचे नाव नसते. आणि दुकानात काम झाले तरी दाबलेल्या फाइलवर कोणाचीच खूण राहत नाही. पुढे अर्जावर 'कागदपत्र अस्पष्ट' असा शेरा पडतो, तेव्हा दोष अर्जदाराचा धरला जातो. त्याचा मूळ कागद घरी लख्ख असतो. खराब झाला तो दाबताना, आणि दाबायला सांगितले पोर्टलने. 1925 च्या आधीच्या कापूसबाजारात नेमकी हीच स्थिती होती. गाठ खराब निघाली की बोल कुणब्याला, प्रेस मोकळी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो या सगळ्याची गरजच संपवतो. कागद स्कॅन करायचाच कशाला? महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तो फोटो नसतो, खरा मजकूर असतो, म्हणून हलका असतो, आणि त्यावर पडताळणीचा क्रमांक असतो. 1 जुलै 2015 पासून डिजिलॉकरही आहे. म्हणजे शिक्का मारलेली गाठ सरकारनेच तयार केली. मग राहिले काय? राहिले ते असे की बऱ्याच ठिकाणी अर्जाचा रकाना अजून क्रमांक मागत नाही, फाइलच मागतो, आणि तीही मापात. मग तो सही केलेला सातबारा छापला जातो, छापलेला पुन्हा स्कॅन होतो, किंवा मूळ पीडीएफच दाबली जाते. डिजिटल स्वाक्षरी ही फाइलमधल्या बाइटच्या नेमक्या क्रमावर बांधलेली असते. फाइल दाबली की क्रम बदलला आणि स्वाक्षरी गेली. कागदावर स्वाक्षरीचे चित्र दिसत राहते, पण पडताळून बघणाऱ्याला ती लागत नाही. गाठ लहान करायला म्हणून गाठीवरचा शिक्काच खरवडून टाकावा, तसा हा प्रकार.

हे सुधारायला नवे संशोधन लागत नाही. क्रमांक घेऊन मूळ नोंद स्वतः बघणे, जिथे स्कॅन अटळ आहे तिथे मोठी फाइल घेऊन पोर्टलने स्वतःच दाबणे, दाबल्यावर ती अर्जदाराला दाखवून 'वाचता येते का' विचारणे, आणि खालची मर्यादा काढून टाकणे, एवढे पुरे. तोवर दोंडाईच्याच्या दुकानात उभ्या असलेल्या वाचकाने दोन गोष्टी कराव्यात. दाखला रंगीत फोटो काढून न आणता काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करून मागावा, आणि फाइल चढवण्याआधी ती उघडून, मोठी करून, आपल्या नावावरचा अनुस्वार आणि क्षेत्रातला दशांश जागेवर आहेत का ते बघावे. हे त्याने का करावे, असे कोणी विचारले तर उत्तर नाही. कापसाच्या गाठीवर खूण आणि क्रमांक कोणी टाकायचा, हे 1925 च्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते: प्रेसच्या मालकाने, आणि तोही गाठ प्रेसमधून बाहेर पडण्याआधी.